निमित्तमात्र : कामाआधीचा शब्द, कामानंतरची सबब

(जळगाव आणि धुळे इथे लागोपाठच्या दोन संध्याकाळी एकाच विषयावर बोलणं झालं. त्या दोन्हींचं हे एकत्र शब्दांकन. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



आज एकाच शब्दावर बोलायचं आहे. शब्द आहे ‘निमित्तमात्र’. या शब्दाशिवाय आपल्याकडे सत्काराचा कार्यक्रम पार पडत नाही. शाल-श्रीफळ झालं की सत्कारमूर्ती माइकसमोर येतात आणि म्हणतात, “हे सगळं तुमचं. मी केवळ निमित्तमात्र.” टाळ्या पडतात. आम्हीही हे वाक्य बोललेलो आहोत, एकदा नव्हे, अनेकदा. त्यामुळे आज जी टीका करणार आहोत तिच्यात आमचाही वाटा आहे, हे आधीच सांगून टाकतो.

आधी घरातलं बोलणं बघू. पोटदुखीचं निमित्त काढून पोरगा शाळा बुडवतो. लग्नाच्या निमित्तानं चार भाऊबंद एकत्र येतात. कचेरीत नैमित्तिक रजा असते. देवधर्मात नित्य कर्मं वेगळी आणि नैमित्तिक वेगळी. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याबद्दल आपण हळूच म्हणतो, “आता निमित्ताला टेकलेत.” आणि माणूस गेला, की भेटायला आलेली मंडळी म्हणतात, “तापाचं निमित्त झालं.”

म्हणजे सबब, प्रसंग, कारण, या सगळ्यांचं काम हा एकच शब्द करतो. शेवटचा जो वापर, मरणाच्या दारातला, तो आम्हाला फार मोलाचा वाटतो. नव्वदीचे सासरे तापानं गेले, तर सून मनात म्हणत असते, डॉक्टरला कालच बोलावलं असतं तर? तिला कोणीतरी म्हणतं, “अगं, वेळ आली होती, तापाचं फक्त निमित्त.” त्या एका वाक्यानं तिच्या छातीवरचा धोंडा उतरतो. हे खोटं सांत्वन नाही. आपल्या हातात सगळंच नसतं, ही गोष्ट भाषेनं तिला अशी सांगितलेली असते.

पण हाच शब्द दुसरं कामही करतो. ते आम्ही आमच्याच घरात पाहिलं.

आम्ही तेव्हा कॉलेजात होतो. घरची केळीची शेती, विहिरीवर मोटर. स्टार्टरच्या पेटीपासून निघालेली वायर एका जागी सोललेली होती, तिला चिकटपट्टी गुंडाळलेली. वायर बदलायची, बदलायची, असं दोन उन्हाळे चाललं होतं. एका पहाटे आमचा सालदार पाणी द्यायला गेला आणि परत आलाच नाही. आखाजीला त्याचं साल संपणार होतं. घरची मोठी माणसं त्याच्या घरी भेटायला गेली, बरोबर आम्हीही होतो. आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी नेहमीचंच वाक्य उच्चारलं, “काय करणार, विजेचं निमित्त झालं.” त्याची बायको भिंतीला टेकून बसली होती. तिनं मान वर केली आणि म्हणाली, “निमित्त कसलं? वायर होती ती. दोन उन्हाळ्यांपासून उघडी होती.”

कोणी काही बोललं नाही. वायर दुसऱ्या दिवशी बदलली. अर्ध्या तासाचं काम होतं.

तेव्हापासून हा शब्द आमच्या मागे लागलेला आहे. सुनेला धीर देणारा शब्द आणि त्या बाईच्या तोंडावर दार लावणारा शब्द, दोन्ही एकच कसे? तो आला कुठून, आणि मुळात कोणासाठी होता?

आला गीतेतून. तसा ‘निमित्त’ शब्द गीतेपेक्षा जुना आणि व्यापक आहे, पण ‘निमित्तमात्र’ ही जी जोडणी आपण वाक्प्रचारासारखी वापरतो, ती अकराव्या अध्यायातल्या ३३व्या श्लोकातली. गीतेत ‘निमित्त’ आपल्याला दोन ठिकाणी भेटतो, आणि दोन्ही जागा शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. पहिली जागा पहिल्या अध्यायात. अर्जुन धनुष्य खाली ठेवायच्या बेतात आहे आणि म्हणतो की मला उलटी निमित्तं दिसताहेत. इथे निमित्त म्हणजे शकुन, बाहेर दिसणारं चिन्ह. माणूस घाबरला की बाहेरची चिन्हं शोधायला लागतो. मांजर आडवं गेलं, पाल चुकचुकली. अर्जुनाचंही तेच झालं होतं.

दुसरी जागा विश्वरूपदर्शनाच्या मध्यावर. कृष्ण म्हणतो, मी काळ आहे, हे योद्धे माझ्याकडून आधीच मारले गेलेले आहेत, तू निमित्तमात्र हो. म्हणजे पहिल्या अध्यायात जो निमित्तं बघत बसला होता, त्याला अकराव्यात सांगितलं जातं की बाबा रे, आता तूच निमित्त हो.

आता त्या श्लोकाची बांधणी बघा. आपण त्याचा शेवटचा चरण उचलला आणि बाकीचे तीन तिथेच सोडून दिले. श्लोक सुरू होतो तो ‘म्हणून तू ऊठ’ इथून. नंतर यश मिळव असं सांगितलंय. पुढे, शत्रूंना जिंक आणि समृद्ध राज्य भोग. मग, हे आधीच मारलेले आहेत. आणि सगळ्यात शेवटी, निमित्तमात्र हो. त्यातही हाक कोणती मारली? सव्यसाची. डाव्या हातानंही तितक्याच सफाईनं बाण मारणारा. ज्याला निमित्तमात्र व्हायला सांगतात, त्याला त्याच दमात त्याच्या कसबाची आठवण करून देतात. बिनकामाच्या माणसाला कोणी निमित्त केलेलं नाही.

आणखी एक गंमत. सत्काराला आपण निमित्तमात्र म्हणतो ते यश नाकारण्यासाठी. श्लोकात तर यश घे म्हणून स्पष्ट आज्ञा आहे. तिथे अर्जुनाला सोडायला सांगितलंय ते भय. पुढच्याच श्लोकात द्रोण, भीष्म, जयद्रथ, कर्ण अशी नावं घेऊन पुन्हा म्हटलंय की व्यथित होऊ नकोस. म्हणजे हा शब्द हातपाय गळालेल्या माणसाला उभं करण्यासाठी आहे, आणि तो काम व्हायच्या आधी उच्चारलेला आहे. आपण तो काम झाल्यावर उच्चारतो. आमचं आजचं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे. आधी म्हटलं तर त्या शब्दानं माणूस उठतो. नंतर म्हटलं तर त्याच शब्दानं माणूस निसटतो.

कोणी म्हणेल, ‘मात्र’ आहे ना तिथे? निमित्त म्हणजे किरकोळच गोष्ट की! तर आपल्या जुन्या तर्कशास्त्राकडे जाऊ. न्याय-वैशेषिक दर्शनात कारणं तीन प्रकारची मानली आहेत: समवायी, असमवायी आणि निमित्त. घटाचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं. माती हे समवायी कारण. मातीच्या दोन भागांचा संयोग हे असमवायी. आणि निमित्त कारण कोण? चाक, दांडा, आणि स्वतः कुंभार! माती हजार वर्षं पडून राहील, कुंभारावाचून तिचं मडकं होणार नाही. इतकंच नाही, नैयायिकांच्या मते ईश्वरही या जगाचं निमित्त कारणच आहे. वेदान्त्यांनी पुढे ब्रह्म हे उपादानही आणि निमित्तही असं म्हटलं, तो वेगळा वाद. पण निमित्त म्हणजे क्षुल्लक, असं शास्त्रात कोणीच म्हणत नाही. मडकं गळकं निघालं, तर कुंभाराला “मी काय, निमित्त कारण” असं म्हणून सुटता येत नाही. निमित्त कारण आहेस म्हणूनच तर तुला विचारतोय!

गीतासुद्धा शेवटी हिशेब नीट मांडते. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. सगळं मीच केलं म्हणणाऱ्याला तिथे मंदबुद्धी ठरवलंय. हे सत्काराच्या व्यासपीठावरच्या माणसानं लक्षात ठेवावं. पण म्हणून कर्ता यादीतून काढलेला नाही. तो दुसऱ्या क्रमांकावर आहे, दैव पाचव्या. आपण बोलताना पाचवं नाव पहिल्यांदा घेतो आणि दुसरं विसरतो.

आता खरी परीक्षा. हे शब्द ज्यानं प्रत्यक्ष ऐकले, तो अर्जुन पुढे कसा वागला? द्रोणांचं नाव त्या चौघांत होतं, आधीच मारलेल्यांत. युद्धाच्या पंधराव्या दिवशी द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं आणि धृष्टद्युम्न तलवार घेऊन धावला. तेव्हा अर्जुन ओरडत होता, आचार्यांना मारू नका, जिवंत आणा. आणि मारल्यावर त्यानं थेट युधिष्ठिराला दोष दिला, की राज्यासाठी तुम्ही गुरूशी खोटं बोललात. ‘कृष्णानंच सांगितलं होतं, हे आधीच मेलेले आहेत’ असं तो म्हणू शकला असता. त्याच्याइतका अधिकृत दाखला दुसऱ्या कोणाकडे होता? पण त्यानं तो बाहेर काढला नाही.

युद्ध संपल्यावर शांतिपर्वात हाच प्रश्न उघडपणे येतो. युधिष्ठिर म्हणतो, माझ्यामुळे सगळे मेले. व्यास त्याची समजूत घालतात आणि एक एक शक्यता मांडतात. कर्ता ईश्वर असेल, पुरुष असेल, योगायोग असेल, किंवा पूर्वकर्माचं फळ असेल. ईश्वर कर्ता असेल तर? मग कुऱ्हाडीनं झाड तोडलं तर पाप तोडणाऱ्याला, कुऱ्हाडीला नाही. तू कुऱ्हाड. ‘निमित्तमात्र’चा याहून चोख युक्तिवाद सापडणार नाही. पण व्यास तिथे थांबत नाहीत. बोलण्याच्या शेवटी ते प्रायश्चित्ताची वाट दाखवतात आणि सांगतात, जिवंत आहेस तोवर ते करून घे. कुऱ्हाडीला प्रायश्चित्त कशाला लागतं? माणसाला लागतं. आमच्या मते महाभारतानं इथे स्वतःच्याच युक्तिवादाला लगाम घातला आहे.

बाहेरच्या जगातलं एक उदाहरण घेतो. १६ जुलै १९४५ला अमेरिकेच्या वाळवंटात अणुबॉम्बची पहिली चाचणी झाली. तिचे प्रमुख शास्त्रज्ञ ओपेनहायमर संस्कृत शिकलेले होते. पुढे एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की त्या वेळी आपल्याला गीतेतलं ‘मी काळ आहे’ हे वचन आठवलं. ते वचन आपल्या श्लोकाच्या अगदी वरच्या श्लोकात आहे. दोन ओळी खाली सरकले असते तर ‘निमित्तमात्र’ तयार होतं. पण १९४७च्या एका भाषणात ते म्हणाले ते असं, की भौतिकशास्त्रज्ञांना पापाची ओळख झाली आहे. त्या माणसाबद्दल पुष्कळ वाद आहेत, पण निदान ही सबब त्यांनी तिथे वापरली नाही.

इथवर आम्ही श्लोकाची बाजू घेतली. आता त्याच्यावरचा आक्षेपही सांगितला पाहिजे, नाहीतर ही समीक्षा न राहता कीर्तन होईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गीतेवर लिहिताना म्हटलंय की हा ग्रंथ हिंसेला तत्त्वज्ञानाचा आधार देतो. आत्मा अमर आहे, म्हणून देह मारण्यात पाप नाही, असा बचाव खुनाच्या खटल्यात एखाद्या वकिलानं मांडला तर त्याला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील, अशा आशयाचं ते लिहितात. त्यांचा रोख आत्म्याच्या युक्तिवादावर आहे, पण तो ‘निमित्तमात्र’लाही तितकाच लागू पडतो. आम्हाला हा आक्षेप बाजूला सारता येत नाही. ‘मी फक्त हुकूम पाळला’ असं म्हणणारे कोणत्या थराला गेले, ते विसाव्या शतकानं पाहिलेलं आहे. श्लोकात धोका आहेच.

त्यावर आमच्याकडे पूर्ण उत्तर नाही, पण एक निरीक्षण आहे. त्या श्लोकात एक जण निमित्त होतो, कारण दुसरा ‘मीच मारलेत’ असं उघड म्हणतो. आणि ते त्याला महागात पडतं. स्त्रीपर्वात शंभर मुलांची आई गांधारी कृष्णासमोर उभी राहते आणि त्याला शाप देते, की तुझंही कुळ असंच आपसात लढून मरेल. कृष्ण तो शाप स्वीकारतो. ‘मीही निमित्त’ असं म्हणत नाही.

आता आपल्याकडची साखळी बघा. बंधारा फुटला. ठेकेदार म्हणतो, आराखडा मिळाला तसं केलं, आम्ही निमित्त. साहेब म्हणतात, वरून आदेश होता, आम्ही निमित्त. वरचे म्हणतात, पाऊसच असा पडला. खालचा निमित्त, मधला निमित्त, वरचाही निमित्त. ‘मी’ म्हणणारा कोणीच नाही. अशा ठिकाणी हा शब्द वापरण्याला गीतेचा आधार आहे असं म्हणणं, म्हणजे गीतेच्या नावावर खोटी सही करणं आहे. ज्या साखळीत शाप घ्यायला कोणी तयार नाही, तिथे निमित्तमात्र कोणी नसतो.

शेवटी आपल्या खानदेशाकडे येऊ, कारण या शब्दाचं एक चांगलं वाचन इथेच झालेलं आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात सत्याग्रही कैद्यांसमोर विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचनं दिली. दर रविवारी एक. २१ फेब्रुवारीला पहिलं, १९ जूनला शेवटचं. अकरावा अध्याय आला १ मेच्या रविवारी. त्यात विनोबा या शब्दापाशी थांबतात आणि मुरलीची उपमा घेतात. भगवंताच्या हातातली मुरली व्हायचं तर आधी पोकळ व्हावं लागेल, आणि मी तर विकारांनी ठासून भरलेलो, असा त्यांचा आशय आहे. म्हणजे निमित्त होणं ही आयती मिळणारी सूट नाही, ती कमवायची गोष्ट आहे. आतलं भरलेलं काढत राहायचं आहे. जो तसं काढत असतो तो “मी निमित्तमात्र” असं सहज म्हणणार नाही. अजून पोकळ झालो नाही, हे त्यालाच सगळ्यात आधी कळतं.

ती प्रवचनं आज आपल्या हातात आहेत, ती कोणामुळे? त्याच तुरुंगात कैदी असलेले साने गुरुजी ती लिहून घेत होते. अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले होते. ध्वनिमुद्रण नाही, काही नाही. समोर माणूस बोलतोय आणि हा हातानं लिहितोय, अठरा रविवार. ‘गीता प्रवचने’ या पुस्तकाचं निमित्त कारण कोण असं नैयायिकाला विचारलं, तर तो विनोबांबरोबर लिहिणाऱ्या हाताचंही नाव घेईल. अर्जुनाला सव्यसाची म्हटलं ते का, हे अशा वेळी समजतं.

आणि पुढे काय झालं? पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना बंद होतं. समाज हळूहळू बदलेल, विठोबाच्या मनात येईल तेव्हा दार उघडेल, आपण कोण, आपण निमित्तमात्र, असं म्हणायला गुरुजींना सगळी मोकळीक होती. त्यांच्याइतका भाविक माणूस ते म्हणाला असता तर कोणी नावही ठेवलं नसतं. त्यांनी काय केलं? आधी महाराष्ट्रभर फिरून लोकांना समजावलं, आणि मग पंढरपुरात उपोषणाला बसले. तारीख १ मे १९४७. अकराव्या अध्यायाच्या त्या रविवारला बरोबर पंधरा वर्षं झाली होती. हा योगायोग आहे, त्यातून आम्हाला काही सिद्ध करायचं नाही. पण ज्या हातानं ‘निमित्तमात्र’ लिहून घेतलं, त्या माणसानं त्यातलं ‘ऊठ’ ऐकलं होतं, एवढं म्हणायला हरकत नसावी. उपोषणानंतर मंदिर खुलं झालं.

तर आमची सूचना साधी आहे. शब्द टाकून देऊ नका. सासरे गेलेल्या सुनेला अवश्य म्हणा, निमित्त झालं. काम अंगावर घेताना, पाय लटपटत असताना, स्वतःला म्हणा, ऊठ, निमित्त हो. सत्काराला म्हणायचं असेल तर तेही म्हणा, फक्त मागच्या रांगेतल्या ज्यांनी काम केलं त्यांची नावं आधी घ्या. पण आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं असेल, तर त्याच्या दारात हा शब्द उच्चारू नका. तिथे तो उच्चारण्याचा अधिकार ज्याचं नुकसान झालं त्याचा. त्याला वाटलं तर तो म्हणेल.

आमच्या सालदाराच्या बायकोनं तो म्हटला नाही. आमच्या घरानं तिला पैसे दिले, पुढच्या सालाचं धान्यही दिलं. पण वायर आमची होती, आम्ही बदलली नाही, हे वाक्य तिच्यासमोर घरातल्या कोणीही उच्चारलं नाही. आम्हीही नाही. आज ती हयात नाही. म्हणून हे इथे, तुमच्यासमोर बोलतो आहोत. उशिरा बोलतो आहोत, हे कळतं.